धरण तेवढं सोडून बोला

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात कोलंबिया नदीवर दर वर्षी मे महिन्यात एक सरकारी हंगाम सुरू होतो. पाइकमिनो नावाचा मासा गळाने धरा, नदीकाठच्या केंद्रावर आणून द्या आणि पैसे घ्या. मासा नऊ इंचांचा तरी हवा. सुरुवातीला माशामागे सहा डॉलर, जास्त पकडले की आठ, आणखी पकडले की दहा. अंगावर सरकारी खूण असलेला मासा लागला तर एकदम पाचशे. १९९०च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत एका हंगामात लाख डॉलरच्या वर कमाई केलेले गळबहाद्दरही आहेत. आपल्याकडे तलाठी भरतीला लाखोंनी अर्ज येतात. ही जाहिरात इकडे निघाली असती तर पाइकमिनो प्रवेशपरीक्षेचे क्लास पुण्यातल्या पेठांत कधीच लागले असते.

पाइकमिनोचा गुन्हा काय? तो सॅल्मनची पिल्लं खातो. हा गुन्हा तो हजारो वर्षं करत आलाय, आणि तेव्हा नदीत सॅल्मन मावत नव्हते. मग मध्ये झालं काय? धरणं झाली. फुगवट्याचं पाणी संथ आणि कोमट झालं, ते पाइकमिनोला मानवलं. टर्बाइनमधून गरगरून अर्धमेली झालेली पिल्लं धरणाच्या पायथ्याशी आयती मिळायला लागली. त्याने नवीन काही केलं नाही. समोर आलं ते खाल्लं.

आणि बक्षिसाचे पैसे देतं कोण? याच धरणांची वीज विकणारी सरकारी संस्था, बॉनविल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन.

कोलंबियाच्या सगळ्या मत्स्यरक्षणाची रीत इथे कळून येते. सॅल्मन वाचवण्यासाठी तिथे गेल्या नव्वद वर्षांत हलवता येईल ते ते सगळं हलवून झालं. पक्षी हलवले, समुद्रसिंह हलवले, खुद्द मासे ट्रकमध्ये घालून हलवले. नदीच्या मधोमध उभी असलेली एक वस्तू तेवढी हलवायची नाही, आणि तिचं नाव बैठकीत मोठ्याने काढायचंही नाही.

ज्यांना सॅल्मन म्हणजे हॉटेलातल्या मेन्यूतला महागडा गुलाबी तुकडा एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. हा मासा डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या ओढ्यात जन्मतो, बोटभर झाला की नदीने समुद्रात जातो, तिथे वर्षं काढतो आणि प्रौढ झाल्यावर नेमक्या त्याच ओढ्यात परत येऊन अंडी घालतो. आयडाहो राज्यातल्या रेडफिश तलावातला सॉकाय सॅल्मन यासाठी साधारण १,४५० किलोमीटर पोहतो. म्हणजे राजमहेंद्रीच्या खालच्या समुद्रातून निघून गोदावरी उलटी पोहत त्र्यंबकेश्वर गाठायचं. शिवाय दोन हजार मीटर चढायचं, कळसूबाईच्याही वर. आणि वाटेत आठ धरणं, चार कोलंबियावर, चार तिच्या स्नेक नावाच्या उपनदीवर. कोलंबियाच्या खोऱ्यात एके काळी वर्षाला एक ते दीड कोटी सॅल्मन आणि त्यांचे भाऊबंद स्टीलहेड परतत असावेत, असा अंदाज आहे. आज परतणारे त्याहून कितीतरी कमी, आणि त्यातलेही बहुतेक मत्स्यबीज केंद्रात जन्मलेले.

आता न्यायाने बोलू. धरण बांधणारे अगदीच बेफिकीर नव्हते. सर्वांत खालचं बॉनविल धरण, १९३७ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याचं उद्घाटन केलं तेव्हाच त्याला माशांसाठी जिने होते. फिश लॅडर म्हणजे एकावर एक चढत जाणारे हौद, दोन हौदांत फूटभराचा फरक. वरून पाणी सोडलेलं असतं, त्या धारेला तोंड देत मासा एकेक हौद चढतो आणि वरच्या जलाशयात निघून जातो. जिना बांधणं सोपं, माशाला जिन्याचं दार सापडणं अवघड. शेजारी सांडव्यातून नि टर्बाइनमधून एवढं पाणी कोसळत असतं की जिन्याची बारीक धार माशाला कळतच नाही. म्हणून दाराशी जादा पाणी सोडून त्याला बोलवावं लागतं. हे सगळं तिथल्या अभियंत्यांनी चुकत-माकत शिकून घेतलं आणि प्रौढ, दणकट सॅल्मनसाठी ते जिने चांगले चालतात. हे मान्य करायला मला काही त्रास नाही.

जिन्याला काचेची खिडकी आहे. तिच्यामागे माणूस बसतो आणि समोरून जाणारा प्रत्येक मासा ओळखून मोजतो. १९३८पासून ही शिरगणती चालू आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कोणत्या धरणात किती टीएमसी पाणी ते रोज छापून येतं, तिकडे कोणत्या धरणावरून किती मासे वर गेले ते. आकडे काही वर्षी डोळे दिपवणारे असतात, लाखोंच्या घरात. जरा निरखून पाहिलं तर त्यात शॅड नावाचा मासा मोठ्या संख्येने असतो. तो मुळात अटलांटिकच्या बाजूचा. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने आणून पश्चिमेकडच्या नद्यांत सोडलेला. त्याला ही धरणांची नदी भलतीच मानवली. ज्याच्यासाठी जिना बांधला तो कमी आणि उपरा जास्त, अशी गर्दी आहे ती.

आणि ज्याच्यासाठी जिना बांधलाच नाही तो लॅम्प्रे. हा डायनासोरांच्याही आधीपासूनचा जीव, सापासारखा लांबट, जबडा नाही, गोल चोषक तोंड. तो पोहत चढत नाही. भिंतीला तोंडाने चिकटतो, उसळी घेतो, पुन्हा चिकटतो. धबधब्याचा ओला कातळ तो असा चढून जातो. पण सॅल्मनच्या जिन्यात सगळे कोपरे काटकोनात. काटकोनावर तोंड चिकटत नाही, पकड सुटते, लॅम्प्रे खाली. कोट्यवधी वर्षांत कुठल्याही नदीने त्याला काटकोन दाखवला नव्हता. मग कोपरे घासून गोल करणं आलं आणि लॅम्प्रेसाठी धातूचे वेगळे उतार लावणं आलं. तिथले आदिवासी हा मासा पिढ्यान्‌पिढ्या खातात, त्यांनी आरडाओरडा केला म्हणून झालं. सॅल्मनला निदान शहरी चाहते आहेत. चोषक तोंडाच्या प्राण्याचा फोटो टी-शर्टवर कोण छापणार?

वरच्या अंगाला ग्रँड कूली. १९४२ साली पुरं झालेलं, १६८ मीटर उंचीचं. एवढ्या उंचीला कसला जिना, म्हणून लावलाच नाही. त्याच्या वरच्या हजारो किलोमीटरच्या नदी-ओढ्यांतला सॅल्मन तिथल्या तिथे संपला. जून १९४०मध्ये, केटल फॉल्सची माशांची जुनी जागा बुडायच्या आधी, आसपासच्या जमातींचे लोक जमले आणि तीन दिवस त्यांनी नदीचं सुतक पाळलं. १० मार्च १९५७ला डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सेलायलो धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. दहा हजार वर्षांची मासेमारीची आणि बाजाराची जागा होती ती. कोयनेच्या धरणग्रस्तांचे कागद साठ वर्षं या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरताना ज्यांनी पाहिलेत त्यांना यापुढचं सांगायला नको. नुकसानभरपाई मिळते, नदी मिळत नाही.

पण जिना, खिडकी, मोजणी, हे सगळं वर जाणाऱ्याचं कौतुक. पर्यटकही तेच पाहतात. खरी कत्तल उतरणाऱ्यांची होते, आणि तिला काचेची खिडकी नाही.

वसंतात बर्फ वितळलं की बोटुकल्या समुद्राकडे निघतात. निघतात म्हणजे काय, धारेकडे तोंड करून शेपटीकडून वाहत जातात. पोहण्याचे कष्ट नदीच करते. या काळात त्यांच्या शरीरात खाऱ्या पाण्यासाठी बदल सुरू झालेले असतात, त्याला मुदत असते. मुदतीत समुद्र गाठायचा. आणि वाटेत नदीच नाही! एका धरणाचा फुगवटा संपतो तिथे वरच्या धरणाचा पायथा. धार नाही, ओढ नाही, उन्हाने तापलेलं नुसतं साचलेलं पाणी. पूर्वी जिथे नदी त्यांना न्यायची तिथे आता त्यांनी स्वतः पोहायचं, आणि आजूबाजूला आपला तो सहा डॉलरवाला पाइकमिनो.

धरणाशी पोचल्यावर वाटा तीन. वरून सांडवा, बाजूने माशांसाठी काढलेला नळ, मधून टर्बाइन. टर्बाइन म्हटलं की आपल्याला पाती दिसतात आणि माशाची चटणी दिसते. पात्यांचा मार बसतोच, पण दाबाचाही घात मोठा. पात्यांपलीकडे पाण्याचा दाब सेकंदाच्या आत धाडकन उतरतो. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर जे होतं ते माशाच्या पोटात होतं. वाताशय फुगतो, फुटतो, डोळे बाहेर येतात. सांडव्यावरून जावं तर तिथे वेगळीच गंमत. उंचावरून कोसळणारं पाणी हवा खोल नेतं, पाण्यात नायट्रोजन गरजेपेक्षा जास्त विरघळतो आणि माशाच्या पंखांत, डोळ्यांत बुडबुडे धरतात. तरी सांडवा टर्बाइनपेक्षा बरा, म्हणून मासेवाले म्हणतात विसर्ग वाढवा. वीजवाले म्हणतात, सांडव्यावरून गेलेलं पाणी म्हणजे न विकलेली वीज. हे भांडण इतकं लांबलं की २००५मध्ये जेम्स रेडन नावाच्या न्यायाधीशाने उन्हाळ्यातही सांडवे सोडण्याचा हुकूम दिला. धरणाचा दरवाजा किती उघडायचा, ते कोर्टाने सांगायचं.

टर्बाइनमध्ये नेमकं काय होतं ते कळावं म्हणून रिचलंडच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने एक नकली मासा केला. बोटाएवढी प्लास्टिकची नळी, आत दाब, धक्का, गिरकी मोजणारी यंत्रणा. ती टर्बाइनमध्ये सोडतात, खाली गोळा करतात आणि वाचतात. हे काम खरोखर चांगलं आहे. त्याच अभ्यासातून स्नेकवरच्या आइस हार्बर धरणावर माशांना कमी इजा करणारी नवी टर्बाइनं आली. फक्त एवढंच, की त्या नदीतून सुखरूप खाली पोचण्याची पूर्ण खात्री असलेला तो एकमेव मासा.

आता सरकारी गणित बघा, हे मला फार आवडलं. २००८च्या सरकारी आराखड्यात ठरलं की वसंतात खाली जाणाऱ्या पिल्लांपैकी ९६ टक्के प्रत्येक धरणावरून जिवंत उतरली पाहिजेत. ९६ टक्के! आमच्या काळी एवढ्या मार्कांना पेपरात फोटो यायचा. धरणं आठ आहेत. ९६ टक्क्यांचे ९६ टक्के, त्याचे पुन्हा ९६, असं आठ वेळा करा. उरतात ७२. म्हणजे आठही धरणं विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण, आणि शंभरातली २८ पिल्लं गायब. यात फुगवट्यांतले मृत्यू, पक्ष्यांनी टिपलेली पिल्लं आणि धरणांनी खिळखिळी होऊन पुढे समुद्रात मेलेली पिल्लं धरलेली नाहीत. प्रत्येक खात्याचा अहवाल चोख आणि माणूस मात्र मेलेला, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

मग शक्कल निघाली. माशाला नदीतून न्यायचंच नाही. लोअर ग्रॅनाइट आणि स्नेकवरच्या इतर धरणांशी पिल्लं गोळा करायची, बार्जवर चढवायची आणि बॉनविलच्या खाली नेऊन सोडायची. दीड-दोन दिवसांचा प्रवास. पिल्लं थोडी असली तर ट्रक. परतीची वाट ओळखता यावी म्हणून बार्जमध्ये वाटेवरच्या नदीचं पाणी खेळतं ठेवतात, कारण सॅल्मन घर वासाने ओळखतो. तरीही बार्जने गेलेल्यांपैकी, विशेषतः स्टीलहेडपैकी, पुष्कळ जण परतताना भलत्याच उपनदीत शिरतात. वाट पायाखालून गेलीच नाही तर ती ओळखीची कशी होणार? आणि हे सगळं चाललेलं असतं नदीवर. खाली पाणी वाहतंय, वर बोटीत पाणी भरलंय, त्या पाण्यात मासा.

एवढं करूनही मासे मरतात, तेव्हा आरोपी लागतो. पाइकमिनोचं झालं. दुसरा आरोपी समुद्रसिंह. हा समुद्रात राहणारा प्राणी नदीत २३५ किलोमीटर आत, थेट बॉनविलच्या पायथ्याशी येऊन बसतो. का येतो? जिन्याचं दार शोधत सॅल्मनची तिथे गर्दी होते म्हणून. त्याच्यावर फटाके सोडले, रबरी गोळ्या झाडल्या. पकडून समुद्रात नेऊन सोडलं, तर काही दिवसांत स्वारी पुन्हा हजर. एक बहाद्दर जिन्यातच शिरला, मग जिन्याच्या दारांना लोखंडी गज बसवले. २००८पासून काही ठरावीक समुद्रसिंहांना मारण्याचीच परवानगी मिळाली आणि २०१८मध्ये कायदा बदलून ती आणखी सैल केली. समुद्री सस्तन प्राण्यांचं रक्षण करणारा कायदाही त्याच देशाचा. तिथे दोन संरक्षित प्राणी एकमेकांवर सोडून तिसरा निवांत उभा आहे, सिमेंटचा.

तिसरे आरोपी पक्षी. मुखाशी राइस नावाचं बेट आहे, नदीतला गाळ उपसून टाकल्याने तयार झालेलं. म्हणजे धरणं चालवणाऱ्या सैन्याच्या अभियंत्यांनीच केलेलं. त्यावर कॅस्पियन सुरय पक्ष्यांनी मोठी वसाहत केली आणि ते सॅल्मनची पिल्लं खायला लागले. मग नकली सुरय मांडून, ध्वनिमुद्रित किलबिलाट वाजवून त्यांना खालच्या ईस्ट सँड बेटावर फूस लावून नेलं. तिथे पाणकावळे माजले. २०१५ ते २०१७ हजारो पाणकावळे गोळ्या घालून मारले, घरट्यातल्या अंड्यांवर तेल फवारलं. पाणकावळे बेट सोडून उडाले आणि थोडं वर अस्टोरियाच्या मोठ्या पुलावर जाऊन बसले. पुलाशी समुद्राचे मासे कमी, म्हणून तिथला एकेक पाणकावळा पूर्वीपेक्षा जास्त सॅल्मन खायला लागला. वर विष्ठेने पुलाचं लोखंड गंजतंय. हा मजकूर मी रचलेला नाही. मला एवढं सुचलं असतं तर मी सदर लिहीत बसलो नसतो.

१९९२ साली रेडफिश तलावात किती सॉकाय परत आले? एक. नर होता. लोकांनी त्याला एकटा लॅरी असं नाव दिलं. त्याचं वीर्य काढून गोठवलं आणि पुढची कित्येक वर्षं पिल्लं तयार करायला वापरलं. वंश टिकला तो टाकीत. २०१५च्या उन्हाळ्यात नदी इतकी तापली की कोलंबियात अडीच लाखांवर सॉकाय वरच्या वाटेवरच मेले, स्नेककडे निघालेले जवळजवळ सगळे. अलीकडे उन्हाळा कडक असला की लोअर ग्रॅनाइटपाशी सॉकाय पकडून ट्रकने आयडाहोत नेतात. लहानपणी बोटीने खाली, मोठेपणी ट्रकने वर. पोहायचं म्हणून काही उरलंच तर टाकीत.

खर्च? ओरेगन राज्य विद्यापीठाच्या २०२३मधल्या अभ्यासाने गेल्या चार दशकांचा हिशेब काढला. महागाई धरून नऊ अब्ज डॉलर, आणि निसर्गात जन्मलेल्या माशांची संख्या वाढल्याचा पुरावा नाही. या रकमेत सॅल्मनला नळीतून हवेच्या दाबाने धरणापार फेकणाऱ्या यंत्राची गणना आहे की नाही, मी पाहिलं नाही. ते यंत्र काढणाऱ्या कंपनीची मूळची खटपट सफरचंदं न दुखावता हलवण्याची होती. चित्रफीत जरूर बघा, मासा सुटतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता शेजारच्या एल्वा नदीकडे चला, कारण आपल्या ओळखीची गोष्ट तिथे आहे. वॉशिंग्टन राज्यात १८९०पासून कायदा होता, धरणाला माशांची वाट हवीच. एल्वावर १९१३ साली धरण पुरं झालं, वाट नव्हती. राज्याच्या मत्स्य आयुक्ताने तोडगा काढला. वाट नको, शेजारी मत्स्यबीज केंद्र बांधा, म्हणजे धरण हा केंद्राचाच भाग ठरेल आणि कायदा मोडला असं होणार नाही. असा अधिकारी मंत्रालयात असता तर निवृत्तीनंतरही त्याला मुदतवाढ मिळाली असती. केंद्र १९२२मध्ये बंद पडलं. धरण शतकभर उभं राहिलं.

आपल्याकडे लोणावळ्याला वळवणच्या काठी टाटांचं महसीरचं केंद्र १९७०च्या दशकापासून चालू आहे, आणि ते बंद पडलेलं नाही, हे त्यांचं श्रेय. तिथे वाढणारा खुदरी महसीर मूळ आपल्याच मुळा-मुठेतला, सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. केंद्रातली पिल्लं लांब-लांब गेली, कावेरीतही गेली. तिथे त्यांनी स्थानिक कुबडवाल्या महसीरची जागा बळकावली असं अभ्यासक सांगतात, आणि तो आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे. मासा वाढवणं आणि नदी वाहती ठेवणं ही दोन वेगवेगळी खाती आहेत. पहिल्या खात्याचा फोटो चांगला येतो. मंत्री बादली कलंडवतात, बोटुकल्या पाण्यात पडतात, टाळ्या. नदी सोडताना मंत्र्यांनी नेमकं काय कलंडवायचं?

फरक्कालाही १९७५पासून बंधारा आहे. त्याच्याआधी हिलसा गंगेतून अलाहाबादपर्यंत जायचा. २०१९ साली केंद्राने जाहीर केलं की फरक्काच्या नव्या जहाज-दरवाजातून मध्यरात्रीनंतर एक ते पाच या वेळात हिलशाला वाट दिली जाईल. वेळ माशाच्या सवयी बघून ठरवली असं सांगतात, त्यामुळे मी हसणार नाही. फक्त ४४ वर्षं लागली. कोकणात नि मावळात चढणीच्या माशांना आपण एवढंही ताटकळत ठेवत नाही. पहिल्या पावसात गाभोळी घेऊन ओढ्याने वर निघालेल्या माशाला आपण पहिल्याच वळणावर टोपलीत घेतो. अर्ज नाही, सुनावणी नाही.

धरणं पाडा असं म्हणणं मला पंख्याखाली बसून शोभत नाही, हेही लिहून टाकतो. कोलंबियाच्या विजेला धूर नाही. स्नेकवरची चार धरणं सरासरी हजारभर मेगावॉट देतात, शिवाय त्यांच्यामुळे समुद्रापासून साडेसातशे किलोमीटर आत लुइस्टनला बंदर आहे आणि तिथला गहू बोटीने जातो. हे सगळं दुसऱ्या मार्गाने करता येईल, पैसे लागतील. २०२१मध्ये आयडाहोचेच खासदार माइक सिम्पसन, तेही रिपब्लिकन, उठून म्हणाले की साडेतेहेतीस अब्ज डॉलर घाला, चारही धरणं फोडा आणि शेतकऱ्यांची, वीजवाल्यांची भरपाई करा. त्यांच्याच पक्षाने तोंड फिरवलं. डिसेंबर २०२३मध्ये बायडन सरकारने जमातींशी आणि राज्यांशी करार केला, धरणं फोडण्याचा नव्हे, फोडली तर काय लागेल याच्या तयारीचा. जून २०२५मध्ये ट्रम्प यांनी तो करार रद्द केला. तयारीचासुद्धा विचार नको.

गंमत म्हणजे जिथे धरण पडलं, तिथे ते माशाच्या प्रेमाने फार कमी पडलं. ओरेगन-कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीवरच्या चार धरणांचा परवाना संपत आला तेव्हा सरकार म्हणालं, नवा परवाना हवा तर माशांसाठी जिने लावा. धरणांच्या मालक कंपनीने हिशेब केला. जिने लावून परवाना घेण्यापेक्षा धरणं जाणं स्वस्त. जमातींनी वर्षानुवर्षं लढून वातावरण तापवलं होतं, पण शेवटची सही वहीखात्याने केली. ऑक्टोबर २०२४च्या सुरुवातीला पाडकाम संपलं, आणि त्याच महिन्यात चिनूक सॅल्मन ओरेगनमधल्या वरच्या ओढ्यात सापडला. त्या भागात १९१२नंतर पहिल्यांदाच. त्याला कोणी बोटीत घातलं नव्हतं, त्याच्यासाठी कुठल्या पाणकावळ्याला गोळी लागली नव्हती, आणि त्याने कुठल्याही टक्केवारीत उत्तीर्ण व्हायचं नव्हतं.

ग्रँड कूलीच्या वर मात्र सप्टेंबर २०२३मध्ये वेगळा करार झाला. जमातींना २० कोटी डॉलर मिळतील, वीस वर्षांत, आणि त्यातून त्या वरच्या पाण्यात सॅल्मन पुन्हा जगवता येतो का, ते तपासतील. धरण बांधायला नऊ वर्षं लागली होती.